वन लँब, प्लीज

रॉन हार्करनं आ वासला तेव्हा त्याची किडलेली दाढ मला नीट दिसली. इंजेक्शन देऊन झालं होतं, आता जबडा बधिर होईपर्यंत थांबायचं होतं. अशा वेळी माणसं छताकडे बघत गप्प पडून राहतात. रॉन गप्प राहणाऱ्यांतला नव्हता.

"डॉक्टर, तुम्ही इंडियातल्याच ना?" तो म्हणाला. "मग तुम्हाला ही गंमत सांगायलाच हवी."

"सांगा की," मी हत्यारं मांडता मांडता म्हटलं.

"तुमच्याकडचाच एक म्हातारा गेल्या रविवारी माझ्या पबमध्ये आला. डोक्याला लोकरीची टोपी, गळ्यात चॉकलेटी मफलर, अंगात कोट. लग्नाला निघाल्यासारखा. आला तो सरळ खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसला, हात मांडीवर ठेवून. आणि बसला म्हणजे बसलाच!"

"मग?"

"कुणीतरी येऊन काय हवं ते विचारेल म्हणून थांबला होता बिचारा! आता आमच्याकडे बारशी येऊन सांगावं लागतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी म्हटलं, बघू तरी किती वेळ बसतोय. तर डेनिस म्हणाला, लावतोस एक पाइंट बिअर? मग लागल्या पैजा. कुणी म्हणे एक वाजेपर्यंत, कुणी दोन. मी म्हटलं अडीच, किचन बंद होईपर्यंत." रॉनला हसू आवरेना, खुर्ची हलायला लागली. "मी जवळून गेलो की म्हातारा सरसावून बसायचा, तोंड उघडायचा, आणि मी तसाच पुढे! शेवटी अडीचला जाऊन सांगितलं, किचन इज क्लोज्ड, मेट. तर काय म्हणाला असेल? थँक्यू! टोपी सारखी केली आणि गेला. मी जिंकलो."

तो चॉकलेटी मफलर माझ्या आईनं विणला होता. त्याच्या एका टोकाला टाका चुकलेला आहे, ते मला न बघता सांगता येतं.

"आता आ करा," मी म्हटलं.

डूक धरणं आमच्या नलवड्यांच्या घराण्यात पिढीजात आहे. आमच्या आजीनं भावकीतल्या एका बाईशी तिच्या मरेपर्यंत अबोला धरला, आणि तिच्या दहाव्यालाही पाठ करून बसली. ते रक्त माझ्यातही आहे. माझ्या एका हातात त्या माणसाचा जबडा होता आणि दुसऱ्या हातात ड्रिल. पण दाढ मी अशी भरली, की ती आजही शाबूत असेल. पेशंटवर उट्टं काढायचं नसतं, एवढं इमान मी राखलं. शिवाय तेवढ्यानं माझं भागणारही नव्हतं.

जाताना तो बधिर ओठातून गळणारी लाळ पुसत म्हणाला, "या की एकदा जेवायला. माझा पब, लँब अँड थिसल. थॉर्नबेकमध्ये कुणालाही विचारा."

"येते," मी म्हटलं. "नक्की येते."

मी त्याच थॉर्नबेकमध्ये राहते, हे त्याला ठाऊक नव्हतं. यॉर्कशरमधल्या त्या गावात आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. माझा दवाखाना शेजारच्या मोठ्या गावात, नवरा जहाजावर इंजिनियर, सहा-सहा महिने समुद्रात. आई गेल्यावर आबांना मी साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून इथं आणलं. ते तयार नव्हतेच. "बघतो," म्हणाले, "रमलो तर ऱ्हातो, न्हाई तर मला गप धाडून द्यायचं."

आणि आबा रमत होते. सकाळी टोपी-मफलर चढवून मेंढरं बघायला जात. दुपारी शेजारच्या डोरीनकडे ड्राफ्ट्स नावाचा सोंगट्यांचा खेळ खेळायला. डोरीन पोस्टातून निवृत्त झालेली, एकटी. ती इंग्रजीत बोलायची, आबा मराठीत, आणि सोंगट्या तेवढ्या दोघांना कळायच्या. खेळी सुचली नाही की डोरीन बोट वर करून म्हणायची, "थिंकिंग, मिस्टर आबा, थिंकिंग!" आबांनी उचललेला हा पहिला इंग्रजी शब्द. मग घरीही तेच. आबा, चहा घेणार? "थिंकिंग." आणि मिशीत हसायचे. आई गेल्यानंतर ते हसू मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

दुसरं वाक्य त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. पबच्या दारात रविवारच्या जेवणाची पाटी असायची, तिच्यावर भाजलेल्या मेंढीच्या मांडीचं चित्र. मसाल्याशिवाय नुसतं भाजलेलं मटण म्हणजे काय असेल, याची त्यांना फार उत्सुकता.

"वैजू, एक लँब पायजे, हे इंग्लिशमदी कसं म्हनायचं?"

"वन लँब, प्लीज. पण आपण दोघं जाऊ की."

"न्हाई. रोज तू वाढतीस, मी खातो. एक दिस मी माजा जाऊन जिऊन येतो, गड्यासारखा."

आठवडाभर न्हाणीघरातून ऐकू यायचं, वन लँब, प्लीज. वन लँब, प्लीज. मग त्या रविवारी मी एका कोर्ससाठी बाहेरगावी गेले होते आणि आबा एकटे पबमध्ये गेले. संध्याकाळी मी विचारलं, "जेवलात?"

"जेवलो की. झ्याक हुतं."

दुसऱ्या दिवशी डब्यातला गूळ आणि पावाचं शिळं टोक गायब होतं. मी तेव्हा मनावर घेतलं नाही. पण मग मेंढरं बघणं बंद झालं, डोरीनकडे जाणं बंद झालं, टोपी खुंटीला लागली ती लागलीच. एकच धोशा सुरू झाला, "तिकीट काड. हितं आपलं काम न्हाई." का, म्हणून विचारलं की भिंतीकडे तोंड. गावी त्यांना करणारं कुणी उरलं नव्हतं. तिथं जाऊन ते एकटे कसे संपतील, ते मला दिसत होतं आणि रात्रीची झोप लागत नव्हती.

रॉनची दाढ भरून मी घरी आले तेव्हा आबा हीटरला पाठ लावून बसले होते. मी आडून विचारलं, "आबा, त्या पबमध्ये जेवायला मिळालं नव्हतं ना?"

ते वळून हीटरकडे तोंड करून बसले.

"माजीच चूक हाय," मग म्हणाले. "हितं उठून मागाया लागतं म्हनं. मला काय ठावं? आपल्याकडं पंगतीत बसल्याला मागाया लागलं तर वाढप्याच्या तोंडात शेण घालत्यात. पन जिथलं तिथं. त्या मालकाला तरी काय म्हाईत, मी भुकेला बसलोय त्ये? बिचारा शेवटाला स्वता आला सांगाया."

गावच्या जत्रेत उभ्या उभ्या हजार पानं वाढणारा हा माणूस. शेवटची पंगत उठेपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. आणि तो रॉन हार्करला बिचारा म्हणत होता. त्या एका शब्दानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. चूक झाली म्हणून त्यांना एवढी लाज वाटत होती. लोक हसत होते हे कळलं असतं, तर ते त्याच दिवशी निघाले असते. मी सांगितलं नाही.

डोरीनला मात्र सगळं सांगितलं. ती गोरीपान बाई कानापर्यंत लाल झाली.

"त्याला काय करायचं?" तिनं विचारलं.

"बसवायचं," मी म्हटलं. "वाट बघत बसवायचं."

डोरीन हसली, आणि तिनं तिथल्या तिथं फोन उचलला. मार्चमधला मदरिंग संडे जवळ आला होता. इंग्रज त्या दिवशी आपापल्या आईला बाहेर जेवायला नेतात. पबवाल्याचा तो वर्षातला सुगीचा दिवस. डोरीननं त्या दिवशीची एक वाजल्यापासूनची सगळी खोली स्वतःच्या नावानं राखून घेतली. "सगळे माझे नातेवाईकच आहेत," ती फोनवर म्हणाली. रॉन म्हणाला असणार की तुला एवढे नातेवाईक आहेत हे ठाऊक नव्हतं, कारण डोरीन म्हणाली, "मलाही कालपर्यंत ठाऊक नव्हतं."

मग मी शहरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या प्रमिलाताई गुप्त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "किती माणसं हवीत?"

"खोली भरेल एवढी. घरून पोटभर खाऊन या. यायचं, बसायचं, हसायचं. कुणाशी वाकडा शब्द नाही. फक्त कुणी उठायचं नाही."

"एवढंच? आमचे लोक स्नेहसंमेलनात खुर्च्या उचलायला सांगितल्या तरी उठत नाहीत," प्रमिलाताई म्हणाल्या.

आबांना तयार करणं सगळ्यांत अवघड गेलं. पबचं नाव काढताच ते नाही म्हणाले. शेवटी मी सांगितलं, "आईच्या नावाचं जेवण आहे, आबा. इथं आजच्या दिवशी आईच्या नावानं जेवतात." मग ते उठले, मफलर गुंडाळला आणि मुकाट माझ्याबरोबर चालायला लागले.

लँब अँड थिसल म्हणजे बुटकं, जाड दगडी भिंतींचं घर, आत शेकोटी, छताला काळे वासे. बारला कोपर टेकून तो पैजेवाला डेनिस आणि त्याचे दोन सोबती नेहमीसारखे उभे होते. आम्ही मागच्या दारानं येऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो. आबांनी तेच टेबल ओळखलं आणि मान खाली घातली. तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि डोरीनचे नातेवाईक यायला लागले. पैठण्या, नथी, सूट-टाय, दोन आज्या काठ्या टेकत, एक जण तर फेटा बांधून. सगळ्यांच्या पुढं डोरीन, आयुष्यात पहिल्यांदाच नेसलेल्या साडीत, प्रमिलाताईंनी चापूनचोपून नेसवलेल्या.

रॉनचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण गल्ल्याकडे बघून त्यानं लगेच हसू आणलं. "वेलकम, वेलकम!"

"गुड आफ्टरनून," सगळे एका सुरात म्हणाले आणि बसले.

आणि बसले म्हणजे बसलेच.

रॉन बारमागे पेला पुसत थांबला. एक पेला पुसून झाला, दुसरा घेतला. कुणी उठेना. आज्या शेकोटीकडे बघत होत्या, फेटेवाले भिंतीवरचं कोल्ह्याचं मुंडकं न्याहाळत होते. सगळ्यांचे हात मांडीवर. आतून भाजलेल्या मांसाचा असा वास सुटला होता, की पोटभर खाऊन आलेल्यांचीही चुळबुळ सुरू झाली.

"ऑर्डर बारशी द्यायची बरं का!" रॉन ओरडला.

"थँक्यू," सगळे हसून म्हणाले. कुणी हललं नाही.

मी मनातून भलतीच खूश होते. त्या नादात आबांकडे माझं लक्षच नव्हतं. ते मात्र अस्वस्थ झाले होते. या टेबलावरून त्या टेबलाकडे बघत होते, आणि कपाळावर घाम आला होता.

"वैजू," ते कुजबुजले, "आगं ह्येंला ठावं न्हाई जनू. हितं उठून मागाया लागतं! म्हाताऱ्या बायका हायत्या, उपाशी ऱ्हातील. तो किचन बंद करतोय मग."

"आबा, बसा तुम्ही."

"बसा काय? माजी झाली ती फजिती पुरं. थांब, मीच सांगतो त्याला. समद्यांचं मीच सांगतो." आणि ते टेबलाला धरून उठलेच. ओठ हलत होते. वन लँब, प्लीज. आता ते वाक्य ते पन्नास माणसांसाठी जुळवत होते.

मी त्यांचा हात धरला. दोन पावलं आणखी गेले असते तर सगळ्या केलेल्यावर पाणी पडलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सूडबीड काही सुचत नव्हतं. पुन्हा त्या माणसापुढं त्यांनी जाऊन उभं राहावं, हे मला बघवलं नसतं.

"आबा, ह्यांना सगळ्यांना माहीत आहे. मुद्दाम बसलेत. तुमच्यासाठी."

"माज्यासाठी? का?"

मग मला सांगावं लागलं. त्यांचा हात धरून, हळू आवाजात, जेवढं मी लपवलं होतं तेवढं सगळं.

आबा खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. जे कळू नये म्हणून एवढा खटाटोप केला, ते मीच त्यांच्या कानात ओतलं होतं.

"म्हंजे त्याला ठावं हुतं, मी भुकेला हाय त्ये?"

"हो."

"माज्याजवळनं जात हुता, तवा बी?"

"हो, आबा."

"पैज कुनी जितली?"

"त्यानंच."

आबांनी बारकडे पाहिलं. रॉनकडे, मग डेनिसकडे, मग पुन्हा रॉनकडे. सावकाश टोपी काढून टेबलावर ठेवली, मफलर सारखा केला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मग बसू की," ते म्हणाले. "मला कुटं जायाचंय?"

तेवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं आणि रॉनची बायको शीला बाहेर आली. स्वयंपाक तिचाच असे. तिच्या हातात मोठा ट्रे होता, त्यात यॉर्कशर पुडिंगं. अंडी-मैद्याच्या पिठाच्या या वाट्या भट्टीतून निघतात तेव्हा पुरीसारख्या टम्म असतात, आणि लगेच पानात गेल्या नाहीत की बसतात. ट्रेमधल्या सगळ्या बसल्या होत्या.

"रॉन! काय चाललंय? एकही ऑर्डर नाही? मेंढीची मांडी भट्टीत वाळून चामडं होईल आता!"

"मी काय करू? उठतच नाहीत! मी सांगितलं त्यांना."

तेव्हा डोरीन उभी राहिली. साडीच्या निऱ्या तिनं एका हातात घट्ट धरल्या होत्या.

"घाई नको, शीला," ती म्हणाली. "आम्ही बघतोय, रॉन किती वेळ उभा राहतो ते. मी अडीचवर एक पाइंट लावलाय."

डेनिस आपल्या पेल्यात बघायला लागला. रॉनचा पेला पुसणारा हात थांबला. मग त्याची नजर खोलीभर फिरून खिडकीशी आली आणि मी त्याला दिसले.

"डॉक्टर?"

"तुम्हीच बोलावलं होतं जेवायला," मी म्हटलं. "आणि हे माझे वडील. तुम्ही ओळखत असाल. तो मफलर माझ्या आईनं विणलाय."

भूल न देता दाढ काढतानाही कुणाचा चेहरा असा झालेला मी पाहिलेला नाही. शीलानं नवऱ्याकडे पाहिलं. "तू म्हणालास तो म्हातारा नुसता ऊब घ्यायला आला होता," ती म्हणाली. "म्हणालास त्याला काही नको होतं." तिनं ट्रे बारवर आपटला, ऑर्डर लिहायचं पॅड उचललं आणि त्याच्या छातीवर ठेवलं. "जा. आधी तिथं जा."

बारमागून खिडकीपर्यंत अंतर ते केवढं. पण रॉन सगळ्या टेबलांमधून वाट काढत आला तेव्हा खोलीत शेकोटीशिवाय कशाचा आवाज नव्हता. तो आबांपुढं उभा राहिला. त्यानं पॅड उघडलं, पेन्सिल काढली, घसा साफ केला.

"व्हॉट कॅन आय गेट यू, सर?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. उतारावर मेंढरं चरत होती. आबा ती एकेक करून बघत राहिले. रॉननं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं. बारवरच्या ट्रेमधून वाफ यायची थांबली.

"सर?"

आबांनी एक बोट वर केलं, डोरीनसारखं.

"थिंकिंग," ते म्हणाले.

त्या दिवशी रॉननं टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेतली, आज्यांच्या खुर्च्यांशी वाकून घेतली, आणि मंडळाच्या लोकांनी वाळलेलं मटण चाटूनपुसून खाल्लं. पण त्याच्या आधी आबांचं मन ठरेपर्यंत त्याला तिथं तिष्ठत उभं राहावं लागलं. कधीतरी शेवटी आबांनी मान वळवली आणि एकेक अक्षर नीट उच्चारून म्हणाले, "वन लँब, प्लीज."

तिकिटाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मटणाबद्दल मत मात्र फारसं चांगलं नव्हतं. "मसाला न्हाई, तिखाट न्हाई, पाल्याची हिरवी चटनी लावून खात्यात," घरी येताना ते म्हणाले. "फुडल्या रविवारी परत यायचं."

आणि पुढच्याच नाही, दर रविवारी. तेच टेबल, तीच टोपी टेबलावर, तेच दोन हात मांडीवर. बारशी जाऊन मागायचं असतं हे आबांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते अखेरपर्यंत एकदाही उठले नाहीत. रॉन यायचा. पॅड उघडून उभा राहायचा. आबा मेंढरं बघायचे. उद्धटपणा नाही, चढा आवाज नाही, जेवण झाल्यावर न चुकता थँक्यू. आमच्या आजीनं आपला डूक अबोला धरून पुरा केला. आबांनी आपला बोलून पुरा केला, दर आठवड्याला फक्त चार-पाच शब्दांत.

वर्षं गेली. रॉनचे केस पांढरे झाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी तो बारमागे उंच स्टुलावर बसलेला होता, शेजारी दोन कुबड्या. आम्हाला बघून कामावरची नवी मुलगी पॅड घेऊन लगबगीनं पुढे आली. आबांनी मान हलवली.

"नो," ते म्हणाले आणि बारकडे बोट केलं. "हिम."

मुलगी गोंधळून मागे बघायला लागली. रॉन स्टुलावरून उतरला, कुबड्या काखेत घेतल्या आणि निघाला. टक, टक, खुर्च्यांना अडखळत. मला बघवेना.

"आबा, आता पुरे की," मी म्हटलं. "म्हातारा झालाय तो."

आबांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांची नजर येणाऱ्या रॉनवर होती.

"आनि त्या दिशी," ते म्हणाले, "मी काय तरणा हुतो?"

रॉन टेबलाशी पोचला. कपाळावर घाम होता. त्यानं एक कुबडी खुर्चीला टेकवली, खिशातून पॅड काढलं, पेन्सिल धरली. आबांनी सावकाश खिडकीकडे मान वळवली आणि बोट वर केलं.